हृदय शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मान बघून ठेवा : खंगलेल्या रुग्णाला सेंट्रल लाइन घालताना

जत तालुक्यातल्या एका आजींचा हात नाडी बघायला उचलला, तेव्हा त्यांच्या हिरव्या बांगड्या मनगटावरून सरकत कोपरापर्यंत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची झडप बदलायची होती. फाइलमध्ये इको, अँजिओ, रक्ताचे रिपोर्ट सगळं नीट लावलेलं होतं. वय ६८, वजन ३६ किलो.

"आजी, या बांगड्या कधी भरल्या?"

"नातीच्या लग्नात. दोन वरीस झाली बघा. तवा कासारणीनं साबण लावून चढवल्या व्हत्या."

साबण लावून चढलेल्या बांगड्या दोन वर्षांत कोपरापर्यंत खाली येतात, म्हणजे मधलं मांस गेलं. हाताचं गेलं तसं मानेचंही गेलं. आणि उद्या सकाळी मला त्याच मानेतल्या शिरेत नळी घालायची होती.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि सांगली-मिरज भागात हृदयाच्या शस्त्रक्रियांना भूल देते. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून आटपाडी-जतपासून पार अथणी-चिकोडीपर्यंतची माणसं इथं येतात. येतात ती बहुतेक उशिरा, अंगातली ताकद संपत आल्यावर. अशा रुग्णाला सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली नळी, वॉर्डात ज्याला आपण नुसतं 'सीव्हीपी' म्हणतो ती, कशी घालायची हे मी नव्या रेसिडेंट मुलामुलींना आणि सिस्टरना रोज तोंडी सांगते. ते एकदा सलग लिहावं, म्हणून हा लेख. रुग्णाच्या घरच्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण निम्मी माहिती त्यांच्याकडेच असते.

खंगलेली मान वेगळी कशी

लाइन कशासाठी लागते ते थोडक्यात. नॉरॲड्रिनॅलिनसारखं रक्तदाब टिकवणारं औषध हातातल्या बारीक शिरेतून बाहेर झिरपलं तर तिथली कातडी काळी पडून मरते. मोठ्या शिरेत ते रक्ताच्या लोंढ्यात लगेच मिसळतं. शिवाय हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब कळतो. म्हणून मानेतली उजव्या बाजूची मोठी शीर, इंटर्नल जुग्युलर, घ्यायची, कारण ती जवळजवळ सरळ रेषेत हृदयात उतरते.

धट्टीकट्ट्या माणसात हे दहा-पंधरा मिनिटांचं काम. खंगलेल्या माणसात तसं का होत नाही, याची कारणं मानेतच असतात. शिरेभोवती चरबी आणि स्नायूंचा जो आधार असतो तो आटलेला असतो, त्यामुळे सुई टेकली की शीर बाजूला सरकते. अंगात पाणी कमी असतं, म्हणून शीर फुगलेली नसते. रुग्ण श्वास आत घेतो तेव्हा तिच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटतात. वरून खालपर्यंतचं अंतर इतकं कमी की कातडीपासून शीर एक सेंटिमीटरच्या आत, आणि तिच्या लगेच खाली मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी. जाड मानेत शीर सापडत नाही. बारीक मानेत ती सापडते आणि सुई तिच्या आरपार धमनीत जाते. दोन्ही अडचणी वेगळ्या आहेत आणि दुसरी जास्त धोक्याची, हे नव्या मुलांना लवकर पटत नाही. बारीक मान दिसली की ती खूश होतात, 'मॅडम, इझी आहे' म्हणतात.

त्यात पाठीला पोक, मणक्यांच्या झिजेमुळे मान वळत नाही, आणि हृदय दमलेलं असल्यानं उताणं झोपवत नाही. यातलं एकेकटं काही असतं तर निभावतं. आमच्या टेबलावर ही सगळी एकत्र येतात.

एक उलटा प्रकारही ध्यानात ठेवा. लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं झडपा खराब झालेल्या बायका आपल्याकडे पुष्कळ. त्या हाडाच्या सापळ्यासारख्या दिसतात, पण उजव्या बाजूची झडप गळत असली तर मानेची शीर दोरखंडासारखी टम्म उभी असते. तिथं शीर मिळणं सोपं, पण पाच मिनिटं आडवं पडणं त्यांना जमत नाही. म्हणजे 'खंगलेला रुग्ण' एवढ्या शब्दावरून काहीच ठरवायचं नाही. प्रत्येक मान स्वतः बघायची.

आदल्या दिवशी, खाटेपाशी

संध्याकाळच्या राउंडला वीस मिनिटं जास्त काढा. सुरुवात बोलण्यातून करा, आणि शक्यतो घरचं माणूस समोर असताना. वर्षभरात वजन किती उतरलं, असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण वजन कुणी केलेलंच नसतं. त्याऐवजी विचारा : ब्लाउज किती वेळा आत मारून घेतले? पायजम्याच्या नाडीची गाठ कुठून कुठं आली? कवळी सैल झाली का? घड्याळाच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलं का? या प्रश्नांवर सून किंवा मुलगी पटकन बोलू लागते. संशोधक लिंडा फ्राइड यांनी २००१ साली फ्रेल्टीची, म्हणजे खंगलेपणाची, पाच लक्षणं मांडली : नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, हाताच्या पकडीत नसलेला जोर, मंद चाल, आणि कमी झालेली हालचाल. तीन किंवा जास्त असली तर रुग्ण फ्रेल. वर्षभरात साडेचार किलो किंवा वजनाच्या ५ टक्के घट झाली की पहिलं लक्षण धरायचं. ब्लाउज आणि बांगड्या हे त्याचंच आपल्या घरातलं माप.

मग चालवून बघा. कॉरिडॉरमध्ये टेपनं ५ मीटर मोजा, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, आणि नेहमीच्या चालीनं चालायला सांगा. ६ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर चाल मंद. हृदय शस्त्रक्रियेच्या वृद्ध रुग्णांत ही चाचणी पुढच्या त्रासाचा अंदाज देते, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. मात्र ज्याला बसल्या जागी छातीत दुखतंय, ज्याची मुख्य डावी रक्तवाहिनी अडली आहे किंवा महाधमनीची झडप अगदी आवळलेली आहे, त्याला चालवू नका. त्याला आपली दोन बोटं जोरात दाबायला सांगा. पकड मोजायचं यंत्र असेल तर आशियाई निकषांप्रमाणे पुरुषांत २८ किलोच्या खाली आणि स्त्रियांत १८ किलोच्या खाली म्हणजे कमजोर. यंत्र नसेल तर पोटरीचा घेर मोजा : पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी, स्त्रियांत ३३ पेक्षा कमी असेल तर मांस गेलेलं आहे. पायावर सूज असली की हे माप फसवतं, तेव्हा आधी नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते बघा.

रॉकवूड यांची १ (धडधाकट) ते ९ (शेवटच्या टप्प्यातला) अशी फ्रेल्टीची पट्टी तुम्हाला माहीत असेलच. ती वापरताना एक चूक सारखी होते. आज खाटेवर पडलेला माणूस बघून आकडा देतात. आकडा द्यायचा तो हे आजारपण येण्याच्या दोन आठवडे आधी माणूस कसा होता त्यावरून. तासगावकडचे एक आबा आले तेव्हा कुशीवर वळायलाही दोघं लागत होते, पण पंधरा दिवसांपूर्वी ते स्वतः द्राक्षबागेत काडी बांधत होते. हे मुलाला विचारल्याशिवाय कळलं नसतं.

आता मान. हे क्रमानं करा, कारण घाईत नेमकं एखादं सुटतं.

उशी काढून उताणं झोपवा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं थांबा. तुम्ही थांबलात तरच खरं कळतं. 'झोपता येतं का' विचारलं तर माणूस हो म्हणतो, आणि दुसऱ्या मिनिटाला उठून बसतो. त्या आजी चौथ्या मिनिटाला म्हणाल्या, "न्हाई ओ बाई, उताणं पडलं की जीव घुसमटतोय." मी फाइलमध्ये लिहिलं : सपाट झोपणं ४ मिनिटं.

मान दोन्हीकडे वळवायला लावा, पण स्वतः हातानं वळवू नका. जेवढी सहज वळते तेवढीच उद्या भुलीखाली वळवायची. भुलीत स्नायू सैल पडतात आणि झिजलेली मान नको तितकी वळवली जाते. वळवताना चक्कर आली तर तेही लिहा.

मग बघा : थायरॉइडची गाठ आहे का, जुना व्रण आहे का, मानेला कधी रेडिएशन दिलं होतं का, कॉलरबोनखाली पेसमेकर आहे का. छातीवर निळ्या शिरांचं जाळं उठलेलं दिसलं तर आतली मोठी शीर अडलेली असण्याची शंका घ्या. आणि हे विचाराच : पूर्वी कधी आयसीयूमध्ये मानेत नळी होती का, डायलिसिस झालं होतं का? जिथं एकदा नळी राहून गेली तिथली शीर बुजलेली असू शकते. घरच्यांना 'सेंट्रल लाइन' म्हटलेलं कळत नाही. 'मानेत सुई लावून टाके घातले होते का' असं विचारलं की लगेच आठवतं.

शेवटी सोनोग्राफीचा प्रोब वॉर्डात आणा आणि दोन्ही बाजू बघा. ही पायरी मी कुणालाच गाळू देत नाही. शीर साधारण एक सेंटिमीटर रुंद असावी. अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास असेल तर सावध. प्रोबनं हलकं दाबल्यावर ती पूर्ण मिटली पाहिजे. मिटली नाही तर आत गुठळी असू शकते. श्वासाबरोबर ती किती आत-बाहेर होते ते बघा. डोकं सरळ असताना धमनी तिच्या बाजूला आहे की खाली, आणि मान वळवल्यावर ती शिरेच्या खाली किती सरकते, हेही बघा. मान जितकी जास्त वळवाल तितकी शीर धमनीवर चढते. म्हणून ३० अंश पुरेत, ४५ च्या पुढं नाही.

रात्रीचं पाणी

याबद्दल मला मनापासून तळमळ आहे, कारण इथं काहीही खर्च नाही आणि तरीही आपण चुकतो. सिस्टर रात्री नऊला सांगतात, 'आता काही खायचं-प्यायचं नाही.' रुग्ण दुसऱ्या क्रमांकाचा असतो. पहिली केस लांबते. बारा-एकच्या सुमारास तो टेबलावर येतो तेव्हा पंधरा तास पाण्याचा थेंब पोटात गेलेला नसतो. त्यात लघवी वाढवणारं लॅसिक्स चालू. त्यात एप्रिल महिना. आणि आपण म्हणतो, शीर सापडत नाही.

नियम असा आहे : हलकं अन्न ६ तास आधी बंद, तेलकट-जड अन्न ८ तास आधी, पण साधं पाणी शस्त्रक्रियेच्या २ तास आधीपर्यंत चालतं. मधुमेहानं ज्यांचं पोट उशिरा रिकामं होतं, किंवा ज्यांना उलट्या होत आहेत, त्यांचा निर्णय वेगळा. बाकीच्यांना सकाळी एक पेला पाणी द्या, आणि ते कागदावर वेळेसह लिहा. नुसतं 'पाणी चालेल' असं लिहिलं तर कुणी देत नाही. 'पहाटे ५.३० वाजता १ पेला पाणी द्यावे' असं लिहिलं की दिलं जातं. केस पुढं ढकलली तर फोन करून वेळ बदला.

दुसरं, गोळ्या. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता मधुमेहाबरोबर हृदयासाठीही सर्रास देतात. त्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर काढतात. शस्त्रक्रियेच्या किमान ३ दिवस आधी त्या थांबवाव्या लागतात, नाहीतर रक्तात आम्ल साठण्याचाही धोका असतो. रक्त पातळ ठेवणारं क्लोपिडोग्रेल बायपासच्या साधारण ५ दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुतेकदा चालू ठेवतात. हे सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट ठरवतात. घरच्यांनी मनानं कुठलीच गोळी बंद करायची नाही. पण शेवटची गोळी कधी घेतली हे विचारून लिहिणं आपलं काम. रक्त पातळ असताना बारीक मानेत धमनीला सुई लागली तर सूज बघता बघता वाढते.

सर्वांत चांगलं फ्रेल रुग्णाला यादीत पहिला ठेवणं. यासाठी मी सर्जनशी वाद घातलेला आहे आणि पुढंही घालेन.

शस्त्रक्रिया आठ-पंधरा दिवसांनी ठरलेली असेल तर वेळ आणखी उपयोगी लावता येतो : रोज अंडी, दूध, मोड आलेली मटकी, हुलग्याचं माडगं, मूठभर शेंगदाणे, आणि चेंडू वर उचलायच्या यंत्रावर श्वासाचा व्यायाम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती ते डॉक्टरांना विचारून. मिश्री आणि तंबाखू बंद. यानं आठ दिवसांत मानेवर मांस चढणार नाही, पण शस्त्रक्रियेनंतर खोकून कफ काढायची ताकद तरी राहते.

टेबलावर

रुग्ण जागा असताना लाइन घालायची की भूल दिल्यावर, हा पहिला प्रश्न. बहुतेकांना मी भुलीनंतर घालते. हृदय फार कमजोर असेल आणि भूल देतानाच दाब कोसळेल अशी भीती असेल, तर आधी, जागेपणी. सपाट झोपवतच नसेल तर डोक्याकडची बाजू वर ठेवून, शीर भरलेली आहे याची सोनोग्राफीवर खात्री करूनच.

जागेपणी घालत असाल तर हे लक्षात ठेवा. कापडाखाली तोंड झाकलं की म्हातारी माणसं घाबरतात. ऑक्सिजन द्या, कापड चेहऱ्यावरून उंच धरा, आणि एका सिस्टरनं फक्त हात धरून बोलत राहायचं. आमच्याकडे निम्म्या आजी कन्नड बोलणाऱ्या. 'श्वास रोखा' हे त्यांना कळत नाही. 'उसिरु हिडीरी' म्हटलं की लगेच रोखतात. एवढे दोन शब्द तरी ऑपरेशन थिएटरमधल्या प्रत्येकाला यावेत. कानाचं यंत्र शेवटपर्यंत काढू नका. झोपेचं औषध नावापुरतं, किंवा नाहीच. मिडाझोलामचा नेहमीचा डोस या माणसांचा श्वास थांबवू शकतो.

जागा बधिर करायच्या औषधाचा हिशोब वजनावर करा. लिग्नोकेन ३ मिलिग्रॅम प्रति किलो धरलं तर ३५ किलोच्या आजींना एकूण १०५ मिलिग्रॅम. २ टक्क्यांचं लिग्नोकेन ५ मिलिलिटर म्हणजे १०० मिलिग्रॅम. म्हणजे ज्याला आपण 'थोडंसं' म्हणतो त्यातच पूर्ण मर्यादा संपली. १ टक्क्याचं करून घ्या आणि २-३ मिलिलिटर वापरा. जास्त सोडलं तर त्याच फुगवट्यानं शीर दबते. आणि सिरिंजमधली हवा आधी काढा. बुडबुडे आत गेले की सोनोग्राफीत सगळं पांढरं दिसतं.

डोकं खाली करायचं ते १० ते १५ अंश, आणि तेही सगळी तयारी झाल्यावर, कमीत कमी वेळ. पोक असलेल्या माणसाच्या डोक्याखाली गोल चादर ठेवा, डोकं हवेत लोंबकळू देऊ नका. खांद्याखाली जाड गुंडाळी ठेवायची जुनी सवय या मानेत करू नका. शीर भरायला पायांखाली उशा देणं सोपं आणि बिनधोक. दमलेल्या हृदयाला धो धो सलाईन सोडून शीर फुगवायचा मोह टाळा. भुलीनंतर मशिनवर श्वास क्षणभर फुगवून धरला तर शीर मोठी होते. फक्त दाबावर डोळा ठेवा. आणि पांघरूण. ही माणसं वीस मिनिटांत गारठतात. मान सोडून सगळं अंग झाकलेलं हवं.

सुई, वायर, नळी

कातडी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पातळ कातडी जोरानं घासू नका.

प्रोब धरताना हातात पीस धरल्यासारखा धरा. बारीक मानेत प्रोबच्या वजनानंसुद्धा शीर मिटते, आणि मग 'शीरच नाही' असं वाटतं. भरपूर निर्जंतुक जेल घाला. स्नायू आणि कॉलरबोन यांच्यामधला खड्डा जेलनं भरला की प्रोब टेकतो, दाबावा लागत नाही. लहान तोंडाचा प्रोब असेल तर तोच घ्या.

सुई उथळ कोनात. तिचं टोक प्रत्येक क्षणी पडद्यावर दिसलं पाहिजे. टोक दिसत नसेल तर पुढं जायचं नाही, प्रोब सरकवून टोक शोधायचं. शिरेची वरची भिंत सुईबरोबर आत दबते, तंबूसारखी. तिथं हळू ढकलत राहिलात तर दोन्ही भिंती एकदम फुटतात. छोटा, नेमका झटका द्या आणि थांबा. रक्त आलं नाही तर सिरिंज ओढत अगदी सावकाश मागं या. बऱ्याचदा रक्त मागं येताना मिळतं. शीर फारच बारीक असेल तर २१ गेजची बारीक सुई आणि तिची बारीक वायर असलेला संच वापरा.

रक्ताच्या रंगावर विश्वास ठेवू नका. ऑक्सिजन कमी आणि दाब कमी असलेल्या रुग्णात धमनीचं रक्तही काळपट दिसतं आणि संथ येतं.

वायर आपोआप गेली पाहिजे. सेल्डिंगर यांनी १९५३ साली ही वायरवरून नळी सरकवायची युक्ती मांडली, आणि तिचं सगळं मर्म हेच की वायरला जोर लावायचा नाही. अडली तर मागं घ्या, फिरवा, सुईचा कोन आणखी उथळ करा. १८-२० सेंटिमीटरच्या पुढं वायर नको. मॉनिटरवर ठोके चुकू लागले तर ती हृदयात पोचली, मागं ओढा.

आता सगळ्यांत महत्त्वाचा थांबा. डायलेटर, म्हणजे नळीसाठी वाट रुंद करणारी कडक नळी, घालण्याआधी वायर शिरेतच आहे याची खात्री करा. प्रोब आडवा आणि उभा धरून वायर शिरेत खालपर्यंत जाताना बघा. अन्ननलिकेतून इको लावलेला असेल तर उजव्या कप्प्यात वायर दिसते. शंका असेल तर वायरवरून बारीक नळी टाकून रक्ताचा स्तंभ वर धरून बघा. शिरेत असेल तर रक्त खाली उतरून ठरतं, धमनीत असेल तर उसळत वर चढतं. उजवी झडप गळत असेल तर शिरेतही हेलकावे दिसतात, ते बघून गोंधळू नका. स्तंभ कुठं स्थिरावतो ते बघा. सुईचं भोक दाबून बरं होतं. धमनीत डायलेटर गेला की बरं होत नाही. या थांब्याला अर्धं मिनिट लागतं.

डायलेटर पूर्ण घालायचा नसतो. शीर एक सेंटिमीटरवर असताना दहा सेंटिमीटर डायलेटर आत ढकलणं म्हणजे छातीतली मोठी शीर फाडायची तयारी. कातडी आणि शिरेची भिंत पार झाली की पुरे, तीन-चार सेंटिमीटर.

नळीची खोली उजव्या बाजूनं अंदाजे उंचीच्या दशांश. पण ठेंगण्या, पोक आलेल्या आजींत १२-१३ सेंटिमीटरलाच टोक जागेवर पोचतं. इकोवर किंवा एक्स-रेवर तपासा. वायर बाहेर आल्यावर मोठ्यानं म्हणा, "वायर बाहेर," आणि सिस्टरनं ती बघून हो म्हणावं. टाके घेताना पातळ कातडीत जरा रुंद घास घ्या, नाहीतर पहाटेपर्यंत टाका कातडी फाडून सुटलेला असतो.

थांबायचं कधी

एका माणसानं दोन प्रयत्न. मग हात बदलायचा. हा नियम मी शिकले तो वाईट पद्धतीनं. शिकत असताना एका रुग्णालयात, सोनोग्राफीशिवाय, एका वाळलेल्या बाईंच्या मानेत मी चार वेळा सुई घातली. सिनियरना बोलवायला मला लाज वाटत होती. चौथ्या वेळी धमनी लागली. मान लिंबाएवढी फुगली आणि शस्त्रक्रिया पुढं ढकलावी लागली. बाहेर त्यांच्या मुलानं फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, मोठ्या डॉक्टरांना हाक मारायची नव्हती का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बारीक सुई धमनीत गेली तर काढा, किमान ५ ते १० मिनिटं सतत दाबून धरा, आणि सर्जनना सांगा. शस्त्रक्रियेत हृदयाचं काम करणाऱ्या बायपास मशिनसाठी, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा मोठा डोस जाणार आहे, त्याआधी त्यांना हे माहीत हवं. डायलेटर किंवा नळी धमनीत गेली असेल तर काढू नका. तशीच ठेवा आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनना बोलवा. घाबरून ओढून काढणं, हीच इथं सर्वांत मोठी चूक होते.

उजवीकडे जमलंच नाही तर डावीकडे जायच्या आधी विचार करा. डावीकडे फुफ्फुसाचं टोक वर येतं, लसिका (लिम्फ) वाहून नेणारी थोरॅसिक डक्ट असते, आणि वाट वळणाची. काखेकडची शीर सोनोग्राफीनं घेता येते. मांडीची शीर घेणार असाल तर सर्जनना विचारून, कारण हृदयाला आधार देणारा पंप लावायची वेळ आली तर त्यांना तीच जागा लागते. पेसमेकर असलेल्या बाजूला वायर अडकू शकते, म्हणून दुसरी बाजू.

नंतर

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन रात्री खंगलेली माणसं भ्रमात जातात आणि मानेतली नळी ओढतात. हात बांधणं हा शेवटचा उपाय. आधी चष्मा द्या, कानाचं यंत्र लावा, दिवसा उजेड आणि रात्री अंधार ठेवा, घरचं एक माणूस थोडा वेळ जवळ बसू द्या. नळीचे तोंडाकडचे भाग पट्टीखाली मागच्या बाजूला न्या, हाताला सहज लागणार नाहीत असे.

रोज सकाळी विचारा, आज ही लाइन लागते का? न लागणारी लाइन म्हणजे जंतूंना उघडा दरवाजा. काढताना डोकं खाली, श्वास सोडायला सांगून, लगेच दाब, ५ मिनिटं, वर हवाबंद पट्टी, आणि अर्धा तास आडवं. बसलेल्या माणसाची नळी काढली आणि त्यानं खोल श्वास घेतला, तर हवा आत ओढली जाते. खंगलेल्या माणसात सुईची वाट आखूड आणि सैल असते, तिथं हा धोका जास्त. पट्टीची चिकटपट्टी काढताना कातडीही निघते, म्हणून सलाईननं ओली करून काढा.

त्या जतच्या आजींना मी भुलीनंतर लाइन घातली, पायांखाली दोन उशा देऊन. पहाटे साडेपाचला त्यांनी पेलाभर पाणी प्यायलं होतं. दुसऱ्या प्रयत्नात शीर मिळाली. आठव्या दिवशी घरी जाताना त्यांच्या डिस्चार्ज कार्डवर मी खालच्या कोपऱ्यात लिहिलं : 'उजवी जुग्युलर शीर ६ मि.मी., धमनी बरोबर खाली. डावी शीर त्याहून बारीक. मान उजवी-डावीकडे ३० अंशच वळते. सपाट झोपणं ४ मिनिटं. नळी १२ सें.मी.वर ठेवली.' आणि सुनेला सांगितलं, हे कार्ड रेशनकार्डाबरोबर ठेवा. पुढं कधी कुठल्याही दवाखान्यात जायची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात आधी हे द्या.